बिनखताची ओळ

केनियातल्या केरिचोच्या उतारावर तापरांदिचमावशीच्या मळ्यात चहा संशोधन केंद्राच्या किबेटने प्रयोगासाठी चहाच्या दोन ओळी निवडल्या होत्या. केंद्राचं नवं खत एकीला द्यायचं, दुसरीला मुळीच द्यायचं नाही. तीन वर्षांनी दोन्हींच्या पानांचं वजन सारखंच भरलं. खत कुचकामी आहे, असा अहवाल त्याने धाडला आणि साऱ्या खोऱ्याला मिळणार असलेलं ते खत केंद्राने रद्द केलं.

निरोप घ्यायला तो आला, तेव्हा मावशीने मुर्सिकचा, म्हणजे आंबवलेल्या दुधाचा, पेला भरून त्याच्या हातात दिला.

"मावशी, खताचा काही उपयोग झाला नाही बघ."

"नाही कसा? त्या दुसऱ्या ओळीला विचार! पहिल्याच वर्षी कशी पिवळी पडली होती बिचारी. मग पहिलीच्या वाट्यातलं अर्धं मी तिला घालायला लागले."

किबेटने पेला खाली ठेवला. "मी नको म्हटलं होतं ना, मावशी?"

"म्हटलं होतंस. पण शेजारीशेजारी बसलेल्या दोघींतल्या एकीला वाढायचं नि दुसरीला उपाशी ठेवायचं, हे मला नाही जमत, बाबा." मावशीने जरा दबकतच विचारलं, "आता तरी सांग, काय वाईट केलं होतं रे तिने तुझं?"