चोरीची गाणी

बाबांचं सरावलीतलं मोबाईलचं दुकान कीर्ती तीन दिवस एकटीच आवरत होती. फुकटात उतरवलेली गाणी मेमरी कार्डात भरून द्यायची, हा बाबांचा धंदा. "ही चोरी आहे, बाबा," असं ती त्यांना कायम ऐकवायची. चोरीचा माल म्हणून तिनं त्यांचं एकही कार्ड कधी ऐकलं नव्हतं.

डोंगरातल्या पाड्यावरचा म्हातारा जिवल्या आपला छोटा स्पीकर घेऊन दारात आला.

"शेट नाय काय?"

"गेले, काका. पंधरा दिवस झाले."

जिवल्या पायरीवर बसला. त्यानं स्पीकर लावला. गाण्याच्या आधी बाबांचा आवाज आला, "जिवल्या, ऐकू येतंय का रे? बरं, मग जा आता."

"हे काय?"

"कार्ड चालतं का बगायला शेट बोलायचं. सगल्यांच्या कार्डात हाय."

कीर्तीनं बांधून ठेवलेला कॉम्प्युटर पुन्हा सोडला.

"काका, याची एक कॉपी काढून घेऊ?"

"घे ना, पोरी. शेटनी कदी कोनाला इचारलं?"