फोन येईपर्यंत

"आजी, गोरिला!" सई किंचाळली.

जयपूरच्या त्या प्राणिसंग्रहालयात गोरिला कुठून यायचा? पाटीवर स्पष्ट 'बबून' लिहिलं होतं. एरवी रत्नप्रभाबाईंनी नातीला लगेच दुरुस्त केलं असतं. आज त्यांनी नुसती मान हलवली. सकाळी दहाला सुनेला, प्रणिताला, ऑपरेशनसाठी आत नेलं, तेव्हाच हातावर पाणी घेऊन त्यांनी संकल्प सोडला होता. ती सुखरूप बाहेर आल्याचा जयंतचा फोन येईपर्यंत मौन. सईने तिथे रडून आकांत मांडला, म्हणून जयंतनेच आई आणि लेकीला इकडे धाडलं होतं. तासाभराचं काम, असं डॉक्टर म्हणाले होते. आता दोन वाजत आले होते.

आणि फोन सईच्या हातात होता. पोरीचे फोटो काही संपेनात.

"आजी, मतलब तू शिंकलीस तर? ते पण बोलणं होतं का?"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि चौथ्यांदा फोनसाठी हात पुढे केला.

"बस, एक लास्ट!" सई कठड्याखालून पलीकडे शिरली, जाळीला चिकटली. फोन धरलेला हात तिने फटीतून कोपरापर्यंत आत घातला.

पाठमोरा बबून वळला.

बाईंनी टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. सईला वाटलं, आजी त्याला बोलावतेय.

"हां आजी, बघतोय तो! और जोरसे!"

बबून उठला.

"सई! हात काढ! मागे हो आधी!"

हात बाहेर आला न आला, तोच जाळी धाडकन हादरली. जाळीपलीकडे नुसते पिवळे दात. सई सरपटत बाहेर आली आणि आजीच्या पोटाला बिलगली. जरा वेळाने तिने मान वर केली.

"आजी, तू बोललीस."

रत्नप्रभाबाईंनी डोळे मिटले. तोंडाशी देवाचं नाव आलं, तेही त्यांनी गिळलं.

फोन वाजला. पडद्यावर जयंतचं नाव. बाईंनी हात पुढे केला. तो तसाच अर्ध्यावर राहिला. सईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि फोन स्वतःच्या कानाला लावला.

"बाबा, आजीचं मौन आहे अजून. मला सांग."