सातबाऱ्यावर पडीक

भाऊबीजेला धाकट्याने ओवाळणीत जांभळी साडी घातली आणि दुसऱ्याच दिवशी मला हक्कसोडपत्रावर सही करायला नेलं. "बाबांची ती जमीन पडीक आहे, ताई. तुला काय कामाची?" त्याने सातबाराही दाखवला. पिकाच्या रकान्यात 'पडीक' होतं. भावावर काय संशय घ्यायचा? केली सही.

संक्रांतीला माहेरी गेले, तर शेतात ड्रिलिंगचं मशीन उभं आणि बांधावर उपटलेल्या पऱ्हाटीचा ढीग. पडीक जमिनीत कापूस! खाली गॅस आहे हे त्याला दिवाळीआधीच कळलं होतं, भावजय बोलून गेली.

मशीनजवळ कंपनीचा साहेब त्याला समजावत होता. "जमिनीखालचा गॅस सरकारचा असतो. तुम्हाला जागेचं थोडं भाडं आणि पिकाची भरपाई. पण सातबाऱ्यावर पडीक आहे, मग भरपाई कशाची? पीक होतं म्हणता, तर साक्षीदार आणा."

मला पाहताच भाऊ धावत आला. "ही माझी सख्खी बहीण! ताई, सांग यांना, इथं कापूस होता म्हणून."

मी त्याच जांभळ्या साडीचा पदर सावरला.

"नाही हो साहेब, पडीकच आहे. माझा भाऊ माझ्याशी खोटं कशाला बोलेल?"