अवेळी हशा

अग्रहारातल्या जुन्या टॉकीजमध्ये महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मराठी सिनेमा लागायचा. म्हैसूरच्या आपल्या लोकांत चार मराठी शब्द कानावर पडायचं नागरत्नाबाईंचं तेच हक्काचं ठिकाण. गर्दी रोडावली तसा मालक खेळ बंद करायला निघाला, तेव्हा त्यांच्या मुलानेच, गुरुराजने, तोड काढली. पडद्यावर खाली कन्नड अक्षरं येऊ लागली आणि आज आपल्याच लोकांनी हॉल गच्च भरला.

नागरत्नाबाई हरखल्या. पण काहीतरी चुकत होतं. पडद्यावरचा माणूस विनोद पुरा करायच्या आतच हशा पिकत होता, आणि त्या हसायच्या तेव्हा बाकी सगळे गप्प. आपल्याच माणसांत बसून त्यांच्या अंगावर काटा आला.

मध्यंतरानंतर एकाएकी आवाज गेला. नट नुसते ओठ हलवत राहिले. एरवी असं झालं की शिट्ट्या-आरोळ्यांनी टॉकीज डोक्यावर घ्यायचे लोक. आज कुणी हूं की चूं केलं नाही. आपलेच कान गेले की काय, म्हणून त्यांनी चुटकी वाजवून पाहिली. चुटकी ऐकू आली. पंख्याची घरघरही ऐकू आली.

आणि तेवढ्यात सगळा हॉल खदखदून हसला.

त्या ताडकन उभ्या राहिल्या. "अरे, आवाज! आवाज गेलाय!"



गुरुराजने त्यांना पदर धरून खाली ओढलं. "श्श! कूत्को आई, खाली बस. मागच्यांना अक्षरं दिसत नाहीत."