लांडगीचा वाटा

लांडगी पुरुषभर उंचीवर हवेत लटकली होती. तिच्या तोंडात कोकरू होतं. तिचे चारही पाय अजून पळत होते, पण पायांखाली जमीन नव्हती. खाली कुत्रं उभं होतं. भुंकावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

येडूनं नुसता हात वर धरला होता. बाकी त्यानं काही केलं नव्हतं.

"येड्या!" गोजाबाई बांधावरून ओरडली. "ठिव तिला खाली!"

येडू वरून आला होता. वरून म्हणजे आभाळातून. त्याच्या कुळातल्या माणसाला मनात आलं तर चांदणी विझवता येई. पण गादीवर बसण्याआधी वारसाला वर्षभर माणसांत काढावं लागे. अट एकच. शक्ती वापरायची नाही. वापरली तर घर कायमचं बंद. मग इथंच राबायचं, म्हातारं व्हायचं आणि मरायचं.

आल्या दिवशी त्यानं हे सगळं छाती काढून गोजाबाईला सांगितलं होतं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती.

"म्हंजे देव हाईस व्हय?" ती म्हणाली. "आमा धनगरांत देव चाकरीला येत्यातच. पोरीसाठी येत्यात. माज्याकडं पोरगी न्हाय, आदीच सांगते. लेंड्या गोळा करता येत्यात का?"

येत नव्हत्या. त्याला प्रत्येक चांदणीचं वय ठाऊक होतं, पण कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, ते कळत नव्हतं. तो भलत्या मेंढीला भलतं कोकरू लावी आणि लाथ खाई. शेळ्या त्याचं धोतर चघळत. गोजाबाईनंच त्याचं नाव येडू ठेवलं. शिव्याही तीच देई आणि भाकरीवर लोण्याचा गोळाही तीच ठेवी.

यंदा कळप सोलापूरच्या शिवारात बसवला होता. रान शुक्रवार पेठेतल्या सिद्धप्पांचं. रानाला खत मिळे, गोजाबाईला ज्वारी. लांब गिरण्यांच्या धुराड्यांतून धूर निघत होता. आज दिवस मावळला की येडूचं वर्ष भरणार होतं.

आणि नेमकं आज लांडगीनं कोकरू उचललं. त्याची आई मेली होती. येडूनं त्याला शेळीचं दूध पाजून वाढवलं होतं. रात्री ते त्याच्या घोंगड्यात मुतत असे. हात वर करताना आपलं काय जाणार, हे येडूला पक्कं ठाऊक होतं.

"आई, ते माझं कोकरू आहे!"

"हुतं. मान मोडलीय त्याची."

"मी जोडतो."

"आन् हिला काय घालतोस? वारा?" गोजाबाई धापा टाकत जवळ आली. "पोट बघ तिचं. दूध उतरलंय. वढ्याच्या कडंला पिल्लं असत्याल. अरं, कळपात लांडग्याचा वाटा असतोय. आमच्या बापजाद्यांपासून हाय. कुत्र्यानं हाकललं तर गोष्ट येगळी. पर तोंडात घावलं, ते तिचं."

"मला नाही सोडवत."

"मला काय गोड वाटतंय व्हय?" तिनं पदरानं नाक पुसलं. "सोड म्हन्ते न्हवं!"

येडू लांडगीकडं बघत राहिला. त्याचे डोळे भरले. मग त्यानं हात हळूहळू खाली आणला. लांडगीचे पाय मातीला लागले. तिनं दोघांकडं एकदा पाहिलं आणि कोकरू घेऊन ओढ्याकडं निघून गेली. कुत्रं तेवढ्यात भुंकलं.

येडूनं डोळे पुसले तेव्हा समोर एक म्हातारा उभा होता. पांढरा पायघोळ झगा, आणि झग्यावर धुळीचा कण नाही. गोजाबाईला वाटलं, मिशनचा पाद्री आला.

"आजोबा," येडू म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली.

"एकच अट होती," म्हातारा म्हणाला. "दिवस मावळेपर्यंतसुद्धा दम निघाला नाही?"

"लेकरू हाय ते," गोजाबाई मधे पडली. "चुकलं. पर मी सांगितल्यावर ठिवली की खाली."

म्हातारा थबकला. "तुम्ही सांगितलंत?"

"मग काय तुमी आला हुता?"

"आणि यानं ऐकलं?"

"न ऐकून जातंय कुटं?"

म्हातारा बांधावरच्या दगडावर टेकला.

"बाई, आमच्यात प्रत्येकाला सगळं करता येतं," तो म्हणाला. "म्हणून कुणी कुणाचं ऐकत नाही. उचललेला हात दुसऱ्याच्या सांगण्यावरून खाली घेणारा आमच्या कुळात आजवर जन्मला नाही. हे शिकावं म्हणूनच पोरांना खाली धाडतो. एकालाही जमलं नाही." तो येडूकडं वळला. "अट राहू दे बाजूला. चल. गादी तुझी."

येडू गोजाबाईच्या पाया पडला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलांवर बोटं मोडली. तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं.

"आन् मेंढरं कोन राखनार?"

येडूनं आजोबांकडं पाहिलं.

गोजाबाईनं म्हाताऱ्याला खालून वर न्याहाळलं. "एकालाबी जमलं न्हाय म्हन्ता. तुमाला तर जमलं हुतं न्हवं?"

म्हातारा झग्याची चुणी नीट करू लागला.

"असं हाय व्हय," गोजाबाई म्हणाली. "ती बगा, शेळी सिद्धप्पाच्या वांग्यात शिरली. वळवा तिला. पायानं जायाचं."

म्हाताऱ्यानं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मग सगळ्या आभाळाच्या धन्यानं झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि तो शेळीमागं पळत सुटला.