आयोडीनचे पंधरा दिवस

मुलाला फोन लागला तसं आशाबाईंनी एका दमात सांगून टाकलं. आज पंधरावा दिवस. नागपूरच्या डॉक्टरनं सकाळीच फोनवर मोकळं केलं, आता लेकराला जवळ घ्यायला हरकत नाही. तेव्हा रविवारी रागिणीला घेऊन ये.

थायरॉइडनं त्या पार वाळून गेल्या होत्या, हात थरथरायचे. किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली ती एवढीशी, पण तिचा दरारा मोठा. पंधरा दिवस ताट-तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं, आणि लहान मूल तर जवळ फिरकू द्यायचं नाही. शेजारच्या बिल्कीसची तीन वर्षांची नात गुलफाम एरवी रोज त्यांच्या मांडीवर बसून दूध-भाकर खायची. आता ती फाटकाशी उभी राहून रडायची आणि आत आशाबाई डोळे पुसायच्या.

एका बाबतीत मात्र गोळीनं उपकारच केले. मुलगा नितेश अकोल्याला, जेमतेम तास-दीड तासाच्या वाटेवर. पण दोन वर्षांत तो दर्यापूरला आला नव्हता, नातीचं, रागिणीचं तोंड दिसलं नव्हतं. गल्लीतल्या बायका विचारून विचारून जीव नकोसा करायच्या. या पंधरा दिवसांत आशाबाई ताठ मानेनं सांगत होत्या, "त्याचं लय मन हाये यायचं. पण डॉक्टरनंच मना केलं." सांगता सांगता त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

नितेशनं सगळं ऐकून घेतलं. रविवारी रागिणीचा क्लास आहे म्हणाला, पुढच्या रविवारी साहेबांकडे वास्तुपूजन. दिवाळी झाल्यावर पाहू म्हणाला आणि फोन ठेवला. नातीचा आवाज ऐकायचाही राहून गेला.

तेवढ्यात फाटक वाजलं. बिल्कीस दिवस मोजूनच होती. गुलफामला न्हाऊमाखू घालून, नवा फ्रॉक चढवून आली होती. "झाले ना पंधरा दिवस, आशाबाई? घ्या आता हिले. रडून रडून माहा जीव खाल्ला हिनं."

मागं दोघी-तिघी बायका कौतुकानं उभ्या होत्या. आता नितेश येणारच असेल पोरीला घेऊन, असं एकीनं विचारलंच.

गुलफामनं दोन्ही हात पुढं केले. आशाबाईंचा जीव तिच्यासाठी तुटत होता. त्या दोन पावलं मागं सरल्या.

"दूर ने तिले, बिल्कीस," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनं अजून दोन महिने सांगितले."