ठकीची तपासणी

"एड्सचा दोष निघाला तर ठकीला परत घरी नेता येणार नाही," टोपली टेबलावर ठेवता ठेवताच वत्सलाबाईंनी सांगून टाकलं.

डॉक्टर आहेरांनी थकून चष्मा पुसला. देवळाली कॅम्पातल्या त्यांच्या दवाखान्यात सकाळपासून हेच चाललं होतं. कुणाला म्हातारा कुत्रा नकोसा झालेला, कुणाला आंधळी शेळी. आता ही मांजर.

"मांजरांचा एड्स बहुतेक भांडखोर बोक्यांना होतो, मावशी. चावाचावीतून. ही बाहेर जाते का?"

"उंबरा ओलांडत नाही. आमचे हे गेले, तेव्हापासून माझ्याजवळच असते."

"मग काळजी कसली?"

"वाळत चाललीय. तपासा तुम्ही."

सून शुभांगी तोंडाला पदर लावून दारातच उभी होती. "घरात तान्हं बाळ आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "आम्ही ताटवाटीसुद्धा वेगळी केलीय. पण आईंना पटायला हवं ना!"

"पटलंय गं बाई. म्हणून तर आले."

डॉक्टरांनी रक्त काढलं आणि मुंबईहून मागवलेल्या पट्टीवर थेंब सोडला. ठकी वत्सलाबाईंच्या हाताशी डोकं घासायला गेली, तसा त्यांनी हात मागे घेतला. बोटाला चिंधी होती.

"ओरबाडलं का हिनं?"

"छे! विळीवर कापलं."

पट्टीवर अखेर एकच रेघ उमटली.

"काही नाही हिला. आजार असता तर रक्तात प्रतिपिंडं सापडली असती. हिरड्या सुजल्यात, म्हणून खात नाही. औषध देतो."

वत्सलाबाईंचा चेहरा तसाच. "पण ते लगेच दिसत नाही ना? दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करायची का?"

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ऐकलंय."

डॉक्टर वैतागले. बाईला मांजर टाकायला निमित्त हवंय, दुसरं काय! ते शुभांगीलाही ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो, असता तरी मांजराचा हा आजार माणसाला होत नाही! खुशाल मांडीवर घ्या."

शुभांगी रिक्षा बघायला गेली. वत्सलाबाई जागच्या हलल्या नाहीत. ती लांब गेल्यावर हळूच म्हणाल्या,

"मला होईल याची भीती नाही हो, डॉक्टर. माझ्या ताटात तोंड घालणारी घरात ही एकटीच उरलीय. माणसाचा मांजराला होतो का, तेवढं सांगा."